अथणीच्या काळ्या मातीत झाडं जगेनात, वाळवंटात बाग केलेल्यांनी सांगा

खानापूरची लेक

नमस्कार मंडळी. रडगाणं जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या बाजूचं. तिकडं तुटकी फांदी कुंपणात खोचली तरी पालवते. पावसाळ्यात आईला झाडं जगवायची काळजी नसते, रान उपटायची असते. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन अथणीला आले. जिल्हा एकच, बेळगाव, पण खानापुरात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि इथं वर्षाचा सगळा मिळून पाऊस ५००-६०० मिलिमीटर, तोही आला तर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. दुपारी मागचं दार उघडलं की भट्टीचं झाकण काढल्यासारखं होतं.

दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर घर बांधलं. घरामागं पश्चिमेला साधारण १२०० चौरस फूट जागा मोकळी आहे. माती काळी, उन्हाळ्यात आख्खा हात आत जाईल अशा भेगा. आजवर २३ झाडं लावली, त्यातली १५ गेली. माहेरून आणलेला फणस (हसू नका), हापूसचं कलम, दोन लिंबं, चार गुलाब, तीन जास्वंदी, दोन सोनचाफे, अबोलीची दोन रोपं. उरलंय काय, तर कण्हेर, कढीपत्ता, शेवगा, बोगनवेल, कोरफड, दोन सदाफुल्या आणि चौथी जास्वंद. तीही पिवळी पडलीय, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या.

आता माझी चूक कुठं होते ते सांगा. वाळवंटातल्या बागांचे व्हिडिओ बघून दोन-दोन फूट खोल खड्डे काढले, त्यात लाल माती आणि शेणखत भरलं, आळं जमिनीपासून अर्धा फूट खाली ठेवलं. सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी. पाणी बोअरचं आहे, साबणाला फेस येत नाही, कुंड्यांवर पांढरं मीठ साचतं. पानांच्या कडा मेणबत्तीवर धरल्यासारख्या जळतात. रोपवाटिकेवाल्यानं युरिया दिला. घातला. चार दिवसांत गुलाब गेले.

शेजारच्या अज्जी कुंपणावरून रोज एकच सांगतात, "भाळ नीर हाकब्याड यव्वा." फार पाणी घालू नको म्हणे. अहो, झाड डोळ्यांदेखत वाळूलालंय, त्याला पाणी नको तर काय घालू?

आणि आमच्या ह्यांना तिथं ६०० चौरस फूट लॉन हवंय, बाकी जागेत पेव्हर ब्लॉक. त्यावरही बोला. मी बोलून थकले.

निपाणीचा पानवाला

वैनी, कीड लागली असंल तर तंबाखूचा चुरा रातभर पाण्यात भिजवून फवारा. आमच्या निपाणीत सगळे हेच करतात.

सुभेदार (निवृत्त)

सूनबाई, मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. भरती बेळगावलाच झाली, पण नोकरीची बरीच वर्षं बाडमेर-जैसलमेरकडं गेली. तिकडं वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस झाला तर लोक पेढे वाटतात. त्या मानानं तुमची अथणी म्हणजे कोकण.

पोस्टवर प्यायचं पाणी मोजून मिळायचं. तरी लंगरच्या मागं आमचा कडुलिंब होता, दोन बोरी होत्या आणि पुदिन्याचा वाफा होता. भांडी घासलेलं, हात धुतलेलं सगळं पाणी तिकडं जायचं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, झाडाला रोज घोटभर पाणी पाजू नका. रोज घोटभर मिळालं की मुळं वरच बसून राहतात, पेन्शनरासारखी. आठ दिवसांनी एकदाच भरपूर द्या, म्हणजे पाण्याच्या मागं मुळं खाली उतरतात. दुसरी गोष्ट, पाणी बुंध्याशी ओतायचं नाही. फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं गोल चर काढून द्यायचं, पाणी पिणारी बारीक मुळं तिथं असतात.

तिसरी गोष्ट. तिथला माणूस खेजडीला देव मानतो. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी आणि तिच्यामागं बिश्नोई समाजाची एकूण ३६३ माणसं ही झाडं वाचवताना मेली. तर ही खेजडी कोण? आपली शमी. दसऱ्याला तुमच्याकडं सोनं म्हणून जी बन्नी वाटतात, तीच. तुमच्या आसपास बांधाबांधावर असेल. वाळवंटात जे झाड राजा आहे ते तुमच्या दारात फुकट उभं आहे आणि तुम्ही फणस लावताय.

खड्डा मात्र तुम्ही केलाय तसाच करा. खोल आळं, पाणी आत राहतं, वारा कमी लागतो.

पाचटवाला, उगार

सुभेदार काका, तुमचा मान ठेवून सांगतो, शेवटची ओळ अथणीला चालत न्हाई. तिकडं वाळू. वाळूत पाणी थांबत न्हाई म्हणून खड्डा. इथं काळी माती, ती पाणी सोडतच न्हाई. खड्ड्यात झाड लावलं तर ते बुडून मरतंय.

अक्का, तुमचं काय झालंय बगा. काळ्या चिकण मातीत दोन फूट खड्डा काढला आणि त्यात भुसभुशीत लाल माती भरली. म्हणजे जमिनीत पातेलं पुरलं की! पाणी लाल मातीतनं सरळ तळाला जातंय, भोवतीची काळी माती त्याला बाहीर सोडत न्हाई. वरनं दिसतंय कोरडं, खाली मुळं कुजलेली. कुजलेल्या मुळाला पाणी वढता येत न्हाई, म्हणून पानं मान टाकतात. तुम्हाला वाटतंय तहान लागली, आणखी पाइप लावता. अज्जी बरोबर बोलत्यात.

खरं-खोटं करून बगा. दीड फुटाचा खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा. जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या भरण्याला घड्याळ लावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी दिसत असंल तर तिथं झाड जमिनीच्या वर लावायचं, खाली न्हाई.

खानापूरची लेक

काका, दादा, दोघांचे आभार. काल खड्डा केला. दुसरं पाणी सकाळी आठला भरलं. आज सकाळी आठला चार बोटं पाणी तसंच होतं. मेलेल्या लिंबाचं खोड उपटून बघितलं तर मुळं काळी, सालपट हातात आलं, आणि वास असा की मोरी बरी.

दोन वर्षं मी झाडांना बुडवत होते आणि उन्हाला शिव्या देत होते.

मस्कतकर बेळगावी

अक्का, मी मूळचा शहापूरचा, आता चौदा वर्षं ओमानमध्ये. निचऱ्याचं दादांनी सांगितलं. मी मिठाचं आणि उन्हाचं बोलतो, कारण इथं माझं आयुष्य त्यातच चाललंय.

पानांच्या कडा जळतात ते ऊन नसतं, मीठ असतं. झाड पाणी पितं, मीठ मातीत मागं राहतं. तुम्ही रोज थोडं थोडं पाणी घालता, म्हणजे रोज थोडं थोडं मीठ वाढता. कुंड्यांना पंधरा दिवसांतून एकदा तळातून पाणी बदाबदा वाहीपर्यंत घाला, मीठ धुऊन जाऊ दे. खाली बशी ठेवली असेल तर ती काढा, नाहीतर तेच पाणी परत वर चढतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते कुंडीत ओतू नका, त्यात मीठ आणखी दाट असतं. त्यानं फरशी पुसा. आणि खारं पाणी पानांवर शिंपडू नका, थेंब वाळला की मीठ पानावरच राहतं. लिंबाला मीठ अजिबात सोसत नाही. बोर, खजूर, बोगनवेल, कण्हेर यांना बऱ्यापैकी सोसतं. कण्हेर विषारी असते, घरात लहान मूल किंवा शेळी असेल तर दारापासून लांब.

आता ऊन. इथल्या जुन्या बागा बघण्यासारख्या आहेत. डोंगरातून कालव्यानं पाणी आणतात, त्याला फलज म्हणतात. त्यातल्या पाच फलजांना २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या पाण्यावर वर खजूर, खजुराच्या सावलीत लिंबू, त्याच्या पायाशी लसूणघास. उघड्या उन्हात लिंबू कुणी लावत नाही. आधी सावली, मग झाड, हा इथला क्रम. तुम्ही नाजूक झाडं आधी लावलीत आणि सावलीचा पत्ता नाही. आधी शेवगा वाढू द्या, तो वर्षात छपराएवढा होतो आणि त्याची सावली विरळ असते. तोवर हिरवी जाळी बांधा, पण ५० टक्के सावलीची. दुकानदार ७५ ची गळ्यात मारतो, तिच्याखाली भाजी नुसतीच उंच आणि फिकट होते.

पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवायचा असेल तर भिंत आणि मांडव यांच्यात फूटभर अंतर सोडा. माझा पहिला वेल भिंतीला चिकटून भाजला. तव्यावर मेथी टाकल्यासारखा.

सुभेदार काकांची खेजडी इथंही आहे बरं का. इथं तिला घाफ म्हणतात, शेजारच्या अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष. दसऱ्याला मी गुपचूप दोन पानं घेऊन येतो.

पाचटवाला, उगार

जास्वंदीचं राहिलं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, म्हणजे लोह मिळंना. आपल्या मातीत चुनखडी, त्यात लोह असतंय पण झाडाला घेता येत न्हाई. युरियाचा काय संबंध? लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), वर अर्धं लिंबू पिळा, संध्याकाळी पानांवर फवारा. धा-बारा दिवसांनी परत. हे पाणी बोअरचं नको, प्यायचं घ्या. फरशीवर पडलं तर तांबडा डाग जात न्हाई, आधीच सांगतो.

निपाणीकर, तंबाखूच्या पाण्यानं मावा कीड मरते, खरं हाय. पण ते विष हाय, भाजीवर नको. आणि तंबाखूतनं टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा रोग जातो. मळलेल्या हातानं टोमॅटोला शिवलं तरी जातोय.

निपाणीचा पानवाला

म्हणून आमच्या दारात टोमॅटो होत न्हाईत होय!! आई तीस वर्षं दृष्ट काढायला लागलीय.

सुभेदार (निवृत्त)

उगारकर, तुमची चूकदुरुस्ती कबूल. वाळूतला नियम मी काळ्या मातीला लावला. म्हातारपणी एवढं चालायचं.

लॉनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून हिशोब देतो. ६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागं रोज ५ ते ६ लिटर पाणी लागतं. रोजचे ३०० लिटर, महिन्याचे ९ हजार. कृष्णा एप्रिलमध्ये कोरडी पडते तेव्हा हे पाणी कुठून आणणार, ते जावईबापूंना विचारा.

उलट असं करा. पश्चिम राजस्थानात घरोघरी टांका असतो, जमिनीखालची टाकी, छताचं आणि अंगणाचं पाणी त्यात. तुमचं छप्पर हजार चौरस फूट धरलं आणि पाऊस ५५० मिलिमीटर धरला, तर ५१ हजार लिटर पाणी पडतं. गळती, उडती वजा करा, ४० हजार कुठं गेलं नाही. सगळं साठवता येणार नाही, पण दोन-तीन हजाराची टाकी भरली तरी मिठाविना पाणी झालं. नाजूक झाडांना तेच द्या.

पेव्हर ब्लॉक झाडाच्या बुंध्यापर्यंत नेऊ नका. दुपारी तापतात आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडतात.

कुंभारवाड्याशेजारी

मी खानापूरचा, ताईंच्या माहेरचा म्हणा. मडकं पुरून झाडाला पाणी पाजायचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं कुंभारकामाची केंद्रीय संस्थाच आहे, मडकं कसलं घ्यायचं हे आम्हाला विचारा. बिनचकाकीचं, बिनरंगाचं, पाच-सहा लिटरचं, तोंड निमुळतं. घेताना पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओलसर झालं तर घ्या. कोरडंच राहिलं तर ते दही लावायला बरं. गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण, नाहीतर डास. भोवती दोडका किंवा काकडी लावा, मुळं येऊन मडक्याला मिठी मारतात. तीन-चार दिवसांनी भरलं तरी पुरतं.

काळ्या मातीत थेट पुरू नका. पावसाळ्यात ती फुगते आणि मडकं फोडते. भोवती चार बोटं मुरूम आणि शेणखत घाला.

खानापूरची लेक

मंडळी, सहा महिन्यांनी येतेय. दसरा झाला, सोनं वाटून झालं, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

उन्हाळ्यात एकही झाड लावलं नाही. ते सगळ्यात अवघड गेलं, हात शिवशिवत होते. मे महिन्यात दोन लांब वाफे रचले, सव्वा फूट उंच, विटांची कड. आत मुरूम, आमचीच काळी माती आणि शेणखत. वर उसाचं पाचट चार बोटं जाड. उगारकर दादा, ट्रॅक्टरवाला पाचट फुकट टाकून गेला आणि मला वेड्यात काढून गेला. "जाळायचं सोडून विकत घेतल्यासारखं काय करताय बाई?" सासऱ्यांना सापाची भीती वाटायची. ते रोज सकाळी काठीनं पाचट हलवून बघतात. साप एकदाही निघाला नाही, त्यांची हरवलेली चष्म्याची डबी निघाली.

लागवड केली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण आमच्याकडं खरा भरवसा परतीच्या पावसाचा. बोराचं कलम, सीताफळ, दोन डाळिंबं, आणखी एक बोगनवेल, दोन मोगरे. कुंपणाला मेंदीच्या काड्या. मोगऱ्यांना फक्त छपराचं पाणी. टाकी दोन हजाराची घेतली आणि ती एका रात्रीच्या पावसात भरून वाहिली, तेव्हा हे छत्री घेऊन नुसते बघत उभे होते.

हिराकस दोनदा फवारला. जास्वंदीची नवी पानं काळपट हिरवी आलीत, जुनी पिवळी ती पिवळीच. ओट्याच्या फरशीवर डाग पडलाय. सांगितलं होतं तुम्ही, पण आता पडलाय.

गेलं काय? एक मोगरा. पाचट खोडाला टेकलं होतं, वाळवीनं साल खाल्ली. आता खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवते. तीन मडक्यांतलं एक फुटलं, तेच नेमकं जिथं मुरूम घालायचा कंटाळा केला होता. उरलेल्या दोन मडक्यांवर दोडका इतका आलाय की मी शेजारी वाटतेय. अज्जींना पहिला दिला. त्यांनी तो हातात तोलला आणि म्हणाल्या, नीर कमी हाकिद्येल्ला? पाणी कमी घातलंस ना? झालं, आता जन्मभर ऐकायचं.

लॉनचा तह झाला. मोरीचं पाणी जिथं येतं तिथं दहा बाय सहाचा तुकडा, साधी हरळी. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी तिकडं सोडत नाही, फक्त आंघोळीचं. हे संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून पेपर वाचतात. एकच खुर्ची मावते.

सुभेदार काका, जूनमध्ये बांधावरच्या बन्नीच्या शेंगा फोडून दुधाच्या पिशव्यांत बी लावलं होतं. अकरा उगवली, सात आहेत. वर बोटभर वाढ, पण एक पिशवी फाटली तर मूळ खाली हातभर निघालं. पिशवीतून कधी काढू? या थंडीत, की पुढच्या पावसाला? आणि मस्कतकर, एक रोप तुमच्या शहापूरच्या घरासाठी ठेवलंय, दिवाळीला आलात की घेऊन जा.